कचऱ्यावरचा हक्क: पुण्यातल्या कचरावेचकांचं प्रकरण

पुण्यात घरोघरी कचरा घ्यायला येणाऱ्या बहुतेक बायकांना पगार मिळत नाही. त्या महापालिकेच्या कायम कामगार नाहीत आणि कुठल्या ठेकेदाराकडेही कामाला नाहीत. प्रत्येक घराकडून महिन्याचं ठरलेलं शुल्क त्या स्वतः गोळा करतात, सुक्या कचऱ्यातला विकण्याजोगा माल वेगळा काढून भंगारवाल्याला घालतात आणि या दोन मिळकतींवर घर चालवतात. त्यांची स्वतःची सहकारी संस्था आहे, ‘स्वच्छ’. तिच्या आधीपासून त्यांची कामगार संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. शहरांतल्या असंघटित कामाची चर्चा जगात कुठेही चालू असली तरी पुण्याचं हे उदाहरण हमखास निघतं. पुण्यातल्या पुण्यात मात्र आपल्या दारात येणारी ताई नेमकी कुणाची माणूस, हे अनेकांना सांगता येत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार जगात २०० कोटी माणसं, म्हणजे कामावर असलेल्यांपैकी ६१ टक्के, अनौपचारिक रोजगारात आहेत. आपल्याकडे अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००४-०५ च्या आकडेवारीवरून हेच प्रमाण सुमारे ९२ टक्के काढलं होतं. एवढ्या मोठ्या समूहाबद्दल धोरण ठरवणारे लोक बहुधा एकच उत्तर देतात: या सगळ्यांना हळूहळू नोकरीत आणा. पुण्याच्या कचरावेचकांनी वेगळी वाट धरली. नोकरी मागण्याआधी त्यांनी कचऱ्यावरचा हक्क मागितला. तो निर्णय बरोबर होता असं माझं ठाम मत आहे, पण त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते आहे. या प्रकरणात दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात.

कुंडीपासून दुकानापर्यंत

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा, सोलापूर, नगरकडची कितीतरी कुटुंबं पुण्यात आणून सोडली. हाताला काम नाही, शिक्षण नाही, आणि जात आडवी आलेली. घरकाम मिळवायचं तर स्वयंपाकघरापर्यंत प्रवेश हवा, आणि तो मातंग किंवा महार बाईला सहज मिळत नव्हता. रस्त्यावरच्या कचराकुंडीला मात्र जात विचारायची गरज वाटली नाही. त्यामुळे पुण्यातल्या कचरावेचकांत दलित बायकांचा भरणा प्रचंड राहिला, आजही आहे. यात योगायोग काही नाही.

काम असं: पहाटे पोतं घेऊन निघायचं, कुंडीत उतरून कागद, पुठ्ठा, काच, पत्रा, प्लास्टिक निवडायचं, डोक्यावर ओझं घेऊन चालत भंगारवाल्याकडे जायचं. दिवसाचे आठ-दहा तास असे जात. कुत्री चावणं आणि काचेने हात कापणं रोजचंच. त्यात वरून चोरीचा आळ. वस्तीत कुठे काही गेलं की पहिला संशय पोतं घेतलेल्या बाईवर. पोलीस उचलून नेत, बसवून ठेवत.

भंगाराच्या दुकानाचं गणितही एकतर्फी होतं. दुकानदार अडीनडीला उचल देई, आणि उचल घेतली की माल त्याच्याकडेच घालायचा. मग भाव तो म्हणेल तो, वजन तो करील ते. किरकोळ दुकानदाराकडून माल ठोक व्यापाऱ्याकडे, तिथून पुनर्प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात. साखळीच्या दुसऱ्या टोकाला कागद गिरण्या, काच कारखाने, प्लास्टिकचे दाणे करणारे उद्योग. म्हणजे सगळा माल पुढे संघटित उद्योगाचा कच्चा माल होतो. तो माल ज्या हातांनी गोळा होतो त्यांच्याजवळ मात्र कामाचा एक कागदसुद्धा नव्हता.

एक गाडी दारात आली तेव्हा

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या या वस्त्यांमध्ये काम करू लागल्या. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यातली ठळक नावं. बायकांशी बोलताना एक साधी गोष्ट पुढे आली. कुंडीत पडून चिखल झालेला कागद आणि घरातून थेट हातात मिळालेला कोरडा कागद यांच्या भावात मोठा फरक पडतो. घरांनीच कचरा वेगळा करून दिला तर माल चांगला मिळेल, वेळ वाचेल आणि कुंडीत उतरावं लागणार नाही. मग काही सोसायट्यांशी बोलून थोड्या बायकांचं दारोदार कचरा घेण्याचं काम सुरू झालं.

ते काम जमू लागतं न लागतं तोच त्याच भागात एका खासगी उद्योजकाने गाडी लावून दारोदार कचरा घ्यायला सुरुवात केली. गाडी, गणवेश, शिट्टी, सगळं व्यवस्थित. नागरिकांना ते आवडलं. बायकांच्या लक्षात आलं की आपल्या हातचा कचरा जातोय, आणि तो परत मागायला आपल्याकडे कोणता आधार? त्यांनी विरोध केला आणि ती गाडी मागे घ्यायला लावली. मला हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण वाटतो. तोवर प्रश्न दारिद्र्याचा आणि शिक्षणाचा मानला जात होता. त्या दिवसापासून तो मालकी कुणाची याचा झाला: शहराने टाकून दिलेल्या वस्तूवर पहिला हक्क कुणाचा?

मे १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून अधिक जण आले होते. अध्यक्षस्थानी बाबा आढाव होते, ज्यांनी त्याआधी कित्येक वर्षं हमाल पंचायत उभी केली होती. या परिषदेतून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत जन्माला आली. रीतसर कामगार संघटना म्हणून तिची नोंदणी झाली.

मालक नसलेल्या कामगारांची कामगार संघटना, हेच मुळात अनेकांना खटकलं. मागण्या कुणाकडे करणार? संघटनेचं म्हणणं असं की आम्ही काम करतो ते महापालिकेच्या वाट्याचं. आम्ही जेवढं वेचतो तेवढा कचरा तिला वाहून न्यावा लागत नाही, टाकायला जागा शोधावी लागत नाही. तेव्हा महापालिकेने आधी आमचं काम ‘काम’ म्हणून मान्य करावं.

१९९५-९६ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी संघटनेच्या ओळखपत्रांवर आपली मोहोर उमटवली. कुठल्याही योजनेत न बसणारी ही गोष्ट. तिच्यामुळे ना पगार मिळाला ना भत्ता. पण छायाचित्र आणि महापालिकेचा शिक्का असलेला तो कागद पोलिसासमोर धरता आला. सोसायटीच्या वॉचमनला दाखवता आला. आयुष्यात पहिल्यांदा ‘तू कोण?’ या प्रश्नाला लेखी उत्तर मिळालं.

पुढच्या गोष्टी त्या एका कागदावर रचत गेल्या. बचत आणि कर्जासाठी पतसंस्था निघाली, म्हणजे दुकानदाराच्या उचलीचा फास सैल झाला. संघटनेने स्वतः भंगाराचं दुकान चालवलं, तिथे वजन चोख. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांसाठी जी सरकारी शिष्यवृत्ती असते ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी म्हणून भांडून ती मिळवली. २००२-०३ पासून पुणे महापालिकेने त्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. यातली प्रत्येक गोष्ट मोर्चा, निवेदन, पुन्हा मोर्चा अशाच क्रमाने आली.

२००८ चा करार

घनकचऱ्याचे २००० सालचे केंद्रीय नियम आले आणि शहरांवर कचरा वेगळा करण्याची, घरोघरी जाऊन गोळा करण्याची जबाबदारी पडली. पुण्यात त्याच काळात शहराबाहेरच्या उरुळी देवाची-फुरसुंगीचे गावकरी तिथल्या कचरा डेपोविरुद्ध रस्त्यावर उतरत होते. शहराचा सगळा कचरा आपल्या शेताशेजारी ओतला जातो, विहिरींचं पाणी खराब होतं, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. महापालिकेला कचरा कमी करणं भाग होतं. ठेकेदाराला गाड्या देऊन काम सोपवण्याचा सरळ रस्ता समोर होता, आणि देशातल्या बहुतेक शहरांनी पुढे तोच घेतला.

तो रस्ता घेतला की काय होतं, हे कैरोत नुकतंच दिसलं होतं. तिथे झब्बालीन म्हणून ओळखले जाणारे लोक पिढ्यान् पिढ्या घरोघरचा कचरा नेऊन त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग पुनर्वापरात आणत. २००३ मध्ये सरकारने स्पेन आणि इटलीच्या कंपन्यांना लांब मुदतीचे ठेके दिले. कंपन्यांच्या मोठ्या गाड्या अरुंद गल्ल्यांत शिरेनात. दारातून कचरा नेला जाण्याची सवय असलेल्या लोकांना कोपऱ्यावरच्या कुंडीपर्यंत जायला सांगितलं गेलं. आणि करारात पुनर्वापराची अट होती फक्त २० टक्क्यांची. शहर घाण राहिलं आणि झब्बालीनांचा माल गेला.

पुण्यात ते टळलं, कारण इथे संघटना आधीपासून उभी होती. २००७ मध्ये ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची नोंदणी झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी तिचा पाच वर्षांचा करार झाला. कराराचं सार सांगायचं तर असं: सभासदांनी घरोघरून ओला आणि सुका कचरा वेगवेगळा घ्यायचा, ओला महापालिकेच्या गाडीपर्यंत पोचवायचा, सुक्यातला विकाऊ माल स्वतः ठेवायचा. घरांनी शुल्क द्यायचं. झोपडपट्टीतल्या घरांचं शुल्क कमी, आणि त्यात महापालिकेचा हातभार. ढकलगाड्या, बकेट, हातमोजे, रेनकोट महापालिकेने पुरवायचे आणि संस्थेच्या व्यवस्थापनाचा खर्च तिने उचलायचा. संस्थेच्या संचालक मंडळावर बहुमत कचरावेचकांचं.

‘सुक्यातला विकाऊ माल स्वतः ठेवायचा’ हे वाक्य वाचताना डोळ्यांखालून निसटतं. ठेक्यांमध्ये कचरा ठेकेदाराचा असतो किंवा महापालिकेचा, आणि कामगाराने त्यातली बाटली घरी नेली तर ती चोरी. इथे तो तिचा. त्या खासगी गाडीवरून सुरू झालेल्या भांडणाचं फळ या एका कलमात आहे.

फूटपाथवरचा तासभर

दोघींची जोडी असते, बऱ्याचदा सासू-सून, जावा, नाहीतर नवरा-बायको. त्यांच्याकडे दोन-तीनशे घरं. सकाळी सातपासून जिने चढायचे, बकेट ढकलगाडीत रिती करायची, ओला कचरा ठरलेल्या जागी, म्हणजे फीडर पॉइंटवर, घंटागाडीत द्यायचा. गाडी वेळेवर आली नाही तर ओल्या कचऱ्यापाशी थांबून राहायचं, कारण सोडून गेलं तर तक्रार यांच्याच नावाने आरोग्य कोठीत, म्हणजे महापालिकेच्या भागातल्या सफाई कार्यालयात, जाते.

मग निवडणं. हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. प्लास्टिकची पिशवी हातात चुरगाळली की तिच्या आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या ताठपणावरून ती कुठल्या जातीची हे अनुभवी बाईला कळतं. कुरकुरीत आवाजाची, चकाकत्या आतल्या थराची वेफर्सची पिशवी बाजूला, कारण ती कुणी घेत नाही. दुधाची पिशवी वेगळी, पाण्याची बाटली वेगळी, आणि बाटलीचं झाकण पुन्हा वेगळं. पांढरा कागद, रद्दी, पुठ्ठा, तीन ढीग. जेवढे ढीग जास्त तेवढा भाव बरा, आणि जेवढा माल कोरडा तेवढा बरा. घरात कुणी आमटीचं पातेलं सुक्या डब्यात उपडं केलं, तर त्या घराची रद्दी, आणि तिला चिकटलेली शेजारच्या घरांची रद्दीही, मातीमोल होते. वेगळा कचरा द्या, हे आवाहन आपण पर्यावरणाचं म्हणून ऐकतो. ढकलगाडीजवळ उभं राहिलं की ते रोजंदारीचं असल्याचं कळतं.

याच ढिगातून वापरलेले सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर बाहेर येतात, बहुतेकदा उघडे. संघटनेने त्यासाठी ‘लाल ठिपका’ मोहीम काढली: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या. वय झालेल्या, ढकलगाडी ओढवत नाही अशा सभासद जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या बनवून विकू लागल्या, नॅपकिन त्यात गुंडाळून टाकता यावेत म्हणून. २०१३ मध्ये तर वापरलेल्या नॅपकिनांनी आणि डायपरांनी भरलेल्या पिशव्या थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिल्या. माल विकून नफा तुम्ही मिळवता, मग तो हाताळणाऱ्या हातांची जबाबदारी कुणाची, असा तो सवाल होता.

दोन वाटांनी पैसा येण्याचा फायदा करार झाला त्याच वर्षी कळला. २००८ च्या अखेरीस जागतिक मंदीत भंगाराचे भाव जगभर कोसळले. केवळ वेचण्यावर जगणाऱ्यांच्या हातात काही उरलं नाही. शुल्क मात्र भंगाराच्या भावाबरोबर खाली जात नाही. ज्यांच्याकडे घरं होती त्यांना निदान महिन्याच्या सुरुवातीचा आधार राहिला. कामाचे तासही कमी झाले. कुंडी ते कुंडी भटकणं संपून अर्ध्या दिवसात काम उरकू लागलं.

मुदत संपली की

आता दुसरी बाजू. या व्यवस्थेत किमान वेतन नाही. भविष्य निर्वाह निधी नाही, पगारी सुट्टी नाही. आजारी पडलं तर बदली माणूस स्वतः शोधायचा आणि त्या दिवसांचे पैसे त्याला द्यायचे. महापालिकेच्या ठेक्यावर झाडणकाम करणाऱ्या कामगाराला निदान कायद्याने किमान वेतन आणि निधी लागू होतो; ठेकेदार तो बुडवतो तेव्हा त्याच्याविरुद्ध दाद मागता येते. ‘स्वच्छ’ची सभासद दाद मागायला गेली तर समोर मालक म्हणून कुणीच नाही. ‘यापेक्षा ठेक्याची नोकरी बरी’ असं म्हणणारे लोक सगळेच वाईट हेतूचे नाहीत, हे मान्य करायला हवं.

शुल्कवसुलीचं ओझं तर सरळसरळ अन्यायाचं आहे. लाखांचा मालमत्ता कर थकला तर महापालिका नोटीस काढते. महिन्याचं शुल्क थकलं तर कचरावेचक बाईने तिसऱ्या मजल्यावर पुन्हा एकदा जाऊन बेल वाजवायची आणि ‘पुढच्या महिन्यात एकदम देऊ’ ऐकून उतरायचं. पैसे दिले नाहीत म्हणून कचरा घेणं थांबवावं तर तक्रार तिच्याच विरुद्ध.

सगळ्यात कच्चा दुवा कराराच्या मुदतीचा. पहिला करार २०१३ मध्ये संपला. त्यानंतर नवा करार २०१६ मध्ये झाला, मधल्या काळात काम चालूच होतं, कारण कचरा करार संपण्याची वाट पाहत नाही. दुसरा करार २०२० च्या अखेरीस संपला. त्याच वर्षी टाळेबंदीत शहर घरात बसलं असताना या बायका अत्यावश्यक सेवा म्हणून जिने चढत होत्या. भंगाराची दुकानं बंद असल्याने माल घरात साठत होता आणि विकला जात नव्हता. मग हे काम खासगी ठेकेदारांना द्यावं अशी हालचाल सुरू झाली, आणि बायका पुन्हा महापालिकेसमोर जमल्या. अनेक नागरिक त्यांच्या बाजूने उभे राहिले, ही समाधानाची गोष्ट. पण छोट्या-छोट्या मुदतवाढींवर तीन-साडेतीन हजार कुटुंबांची रोजीरोटी टांगून ठेवायची, हा कारभार कुठल्याही शहराला शोभणारा नाही.

तरीही ठेक्याच्या नोकरीचा पर्याय तोलताना एक प्रश्न विचारावा लागतो: ती नोकरी मिळणार कुणाला? ठेकेदार गाडी चालवणारे तरुण पुरुष घेतो. पन्नाशीच्या, निरक्षर, जन्मदाखला नसलेल्या बाईला तो कशाला ठेवील? आणि तिला घेतलं तरी माल तिचा राहत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असं देशभरच्या महापालिकांना सांगितलं. ‘सामावून घेणं’ म्हणजे काय, हे मात्र प्रत्येक शहराने सोयीने ठरवलं, आणि पुष्कळ ठिकाणी ते ठेकेदाराच्या हजेरीपटावर चार नावं घालण्यापुरतंच उरलं. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, २०१३ पासून तिथल्या वेचकांना त्यांनी गोळा केलेल्या मालाच्या वजनावर, नागरिकांकडून घेतल्या जाणाऱ्या सफाई शुल्काच्या पैशातून मोबदला मिळू लागला. तो त्यांनी देशाच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत लढून मिळवला. म्हणजे मालावरचा हक्क कायम ठेवूनही सार्वजनिक पैसा त्यांच्यापर्यंत पोचवता येतो.

आपल्याला त्यासाठी बोगोटाकडे पाहण्याचीही गरज नाही. १९६९ चा महाराष्ट्राचा माथाडी कायदा अशाच, एक मालक नसलेल्या कामगारांसाठी झाला. हमाल आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. तेव्हा व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरलेली जादा रक्कम, माथाडी मंडळात भरतात, आणि त्यातून हमालाला निधी, ग्रॅच्युइटी, रजा मिळते. ज्या माणसाने हमालांची संघटना बांधली तोच १९९३ च्या परिषदेचा अध्यक्ष होता, तेव्हा हा धागा काही परका नाही. कचरावेचकांच्या बाबतीत लेव्ही भरण्याजोगे लोक मोजून दाखवता येतील. महापालिका, जिचा वाहतुकीचा खर्च रोज वाचतो. भंगाराचे ठोक व्यापारी आणि कारखाने. आणि प्लास्टिकमध्ये माल विकणाऱ्या कंपन्या, ज्यांच्यावर नियमांनी त्याची जबाबदारी टाकली आहे; आज त्या जबाबदारीची प्रमाणपत्रं नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया कारखान्यांच्या नावे निघतात आणि बाटली उचलणाऱ्या बाईपर्यंत त्यातलं काही येईलच याची हमी नसते.

यापुढच्या प्रत्येक करारात चार गोष्टी लिहून घ्यायला हव्यात असं मला वाटतं. करार संपण्याच्या वर्षभर आधी नव्याची बोलणी सुरू करण्याचं बंधन. थकीत शुल्क वर्षाअखेर महापालिकेने सभासदाला देऊन ते घरमालकाच्या मालमत्ता करात लावणं. आजारपण, बाळंतपण आणि म्हातारपण यांसाठी मंडळ, ज्यात लेव्ही जमा होईल. आणि सुक्या मालावरचा सभासदाचा हक्क, जो आत्तापर्यंत करारागणिक मागावा लागला, तो महापालिकेच्या उपविधीतच घालणं, म्हणजे सत्ता बदलली, आयुक्त बदलले, तरी तो दर पाच वर्षांनी मोर्चा काढून परत मिळवावा लागणार नाही.